शेठचं डिजिटल दुकान

कपड्याच्या दुकानात गठ्ठ्यांसारखे किस्सेही साचतात. डिजिटल झाल्यापासून तर ठेवायला जागा नाही बापा, म्हणून सांगून राहिले.

दुकान गोंदियाचं, मी ड्रेस मटेरियलच्या काउंटरवर. शेठने जाहीर केलं, माल टॅबवर दाखवायचा, स्कॅन केला की पॉइंट. दिवाळीला ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी, तो घरी! साड्यांच्या गादीवर मेश्रामकाका. लग्नाचे बस्ते काढण्यात उभी हयात गेली. मला त्यांचीच काळजी.

मोटिव्हेशनसाठी पुण्याहून एक सर आले. म्हणाले, "डोळे मिटा. पाच वर्षांनी तुम्ही कुठे आहात ते पाहा."

सगळ्यांनी मिटले, काकांनी नाही.

"काऊन मिटू सर? गिऱ्हाईक आलं न!"

नवेगाव बांधचं एक बौद्ध कुटुंब आलं. नवरीसाठी पांढरी साडी हवी. मी टॅबवर शोधलं, तर सगळ्या पांढऱ्या साड्या 'दुःखाचे प्रसंग' या खान्यात! नवरीची आई पाहतच राहिली.

काकांनी टॅब पालथा ठेवला. "जरीकाठाची दाखवतो न बाई. माह्या पोरीनंबी लग्नात तशीच नेसली होती."

अर्ध्या तासात बस्ता झाला. स्कॅन नाही, म्हणून पॉइंट शून्य. अस्सा राग आला मला त्या टॅबचा!

महिन्याचा स्टार झाला टॉवेल-चादरींच्या काउंटरवरचा गजानन. त्याने दिवसभर एकच टॉवेल पुन्हा पुन्हा स्कॅन केला. शेठने त्याचा फोटो दारात लावला.

काकांनी मला विचारलं, "टॉवेल कोणाले विकला त्यानं?"

"कोणालेच नाही."

"मंग स्टार कायचा झाला?"

दिवाळीच्या तोंडावर शेठने व्हॉट्सॲप ग्रुपवर सुविचार टाकला, 'आपण सगळे एक परिवार आहोत.' त्याच्याच खाली ओळ आली, मेश्राम यांना ग्रुपमधून काढलं.

काका समोरच साड्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी फोन पाहिला, उरलेल्या घड्या घातल्या आणि निघून गेले. आमच्यातल्या कोणीही तोंड उघडलं नाही. मीही नाही. त्याची लाज अजून वाटते.

लग्नसराईत सडक अर्जुनीचं एक मोठं घराणं गाडी भरून आलं. म्हातारी दारातच म्हणाली, "मेश्राम कुठं आहे? तो नसंन तं आमी दुसरीकडं जातो."

शेठला घाम फुटला. त्याने काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गादीसमोर धरला. काका घरी बनियनवर बसलेले. शेठला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

मग म्हातारी पुढे झाली. "मेश्राम, नातीचं लग्न आहे रे!"

"हो का आजी? थांबा." काकांनी मला हाक मारली. "सुनीता, डावी अलमारी, वरून तिसरा गठ्ठा. नवरीच्या आत्याबाईले फिक्का रंग नोको दाखवू, रुसते ते."

दोन तास काकांनी घरबसल्या अख्खा बस्ता काढला. शेठने फोन कट केला. थँक्यूसुद्धा नाही! मग आमच्याकडे वळून म्हणाला, "देखा? इसको कहते हैं डिजिटल! शिका काही मेश्रामकडून!"