चंद्राची वही

भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड, आणि दोन्ही काठांवर नुसता ऊस. मी अलीकडच्या शाळेत शिकवते. चंद्राच्या कला शिकवताना उन्हात रबरी चेंडू धरून मी पोरांना दाखवलं, की चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. तो पृथ्वीभोवती फिरतो, तसा त्या उजळ भागाचा कधी जास्त, कधी कमी हिस्सा आपल्याला दिसतो. मग ऐटीत गृहपाठ दिला. पौर्णिमेपासून रोज जेवण झालं की चंद्र बघायचा आणि वहीत काढायचा.

पाचव्या दिवशी एका मुलीचे आजोबा शाळेत आले. अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला, आता शेती करणारा माणूस.

"बाई, पुनव सरली की चांद रोज उशिरा उगवतो. पोरीनं अंधारात त्याची वाट बघायची व्हय? बिबट्या हिंडतोय, ठावं न्हाई तुम्हाला?"

ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. त्या एकत्र आणायची अक्कल तेवढी नव्हती.

मी त्या मुलीची वही उघडली. पहिल्या तीन पानांवर किंचित झिजत गेलेले तीन चंद्र होते. चौथ्या पानावर शेजारी शेजारी दोन लहान गोल, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: "चंद्र आला नाही. मी बांधावर थांबले. बॅटरी मारली तेव्हा उसात हे दिसले. दोन्ही पूर्ण गोल होते."