लायलचा टीव्ही कोणी पाडला

आर्डिस टॉलेफसनने एकतीस वर्षं अमेरिकेच्या उत्तरेला, आमच्या दुलुथ गावातल्या शाळेची बस चालवली. बर्फात, तीव्र उतारांवर, मागे चाळीस मुलांचा दंगा चालू असताना. बसचं दार ती बसल्या जागेवरून लांब दांडा ओढून उघडायची. आवाज न चढवता ती आरशातून नुसती बघायची आणि शेवटच्या बाकावरचा उभा पोरगा मुकाट खाली बसायचा. मी पाचवीला शिकवायचे; मला तेवढं कधी जमलं नाही.

तिचा नवरा लायल सप्टेंबरात गेला. आजारपणात त्याने हौसेने पासष्ट इंची टीव्ही मागवला होता. खोकं उघडायचंही राहून गेलं. दफनानंतर दोन आठवड्यांनी तिचा धाकटा दीर ड्वेन ड्रिल घेऊन आला. "भावाचा टीव्ही मीच लावणार," म्हणाला.

आर्डिसने भिंतीवर टकटक केलं. "इथे पोकळ वाजतंय, ड्वेन. आतला लाकडी खांब शोध की आधी."

"चाळीस वर्षं भिंतींना भोकं पाडतोय मी. तू कॉफीचं बघ."

ती कॉफीचं बघायला गेली.

आमच्याकडच्या भिंती म्हणजे वरून नुसता जिप्समचा बोर्ड. वजन पेलतात ते आतले उभे खांब, दर सोळा इंचांवर एक. ड्वेनने भोकांत स्क्रूसाठी प्लास्टिकचे चार प्लग घालून टीव्हीच्या लोखंडी दांड्याचे चारही स्क्रू नुसत्या बोर्डात पिळले. अठराव्या दिवशी भरदुपारी टीव्ही दांड्यासकट खाली आला आणि फुटला. आर्डिस तेव्हा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

माणूस गप्प बसला असता तर ती विसरलीही असती. पण रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफी पिताना, तो सगळ्यांना सांगत होता, "बसच्या दारासारखा ओढला असणार हिने. एकतीस वर्षांची सवय!" सगळे हसले. आर्डिसने कप खाली ठेवला.

गाडीत ती मला म्हणाली, "लायलची शेवटची वस्तू मी फोडली म्हणे. हे मी त्याच्याच तोंडून परत घेणार. सगळ्यांसमोर."

"रागावलीस?"

"छे गं. तयारीला लागलेय."

तिने तेवढाच नवा टीव्ही आणला. फ्रिजवरचं चुंबक भिंतीवरून हळूहळू फिरवलं. जिथे ते चिकटलं तिथे आत खिळा, म्हणजे खांब. पेन्सिलीने उभी रेघ मारली, आधी बारीक भोकं पाडली, मग लांबलचक स्क्रू आवळले. टीव्हीचं दुसरं टोक मी धरलं होतं. टीव्ही तिने हातभर खाली लावला आणि ड्वेनची चार फाटकी भोकं मात्र वर तशीच उघडी ठेवली.

"बुजवायची नाहीत?"

"पाहुण्यांना बघू देत."

फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला लायलकडचे बारा जण आले. टेबलावर ओव्हनमध्ये भाजलेली मांस-बटाट्याची हॉटडिश, चीज, आणि चॉकलेटच्या काचेच्या वाडग्यात ते चार प्लग. ड्वेनची खुर्ची बरोबर भोकांसमोर.

"अरे वा! कोणाला बोलावलंस लावायला?" त्याने विचारलं.

"कोणाला नाही. ये, ओढून बघ. बसच्या दारासारखा."

दोघेतिघे हसले. ड्वेनने दांडा जरासा ओढला.

"जोर लाव की. मी लावला म्हणतोस तेवढा."

त्याने दोन्ही हातांनी ओढला. कान लाल झाले. भिंत हूं की चूं करेना. तेवढ्यात त्याची बायको मार्लिस वाडग्यातला एक प्लग उचलून बघत होती. मग तिने भोकांकडे पाहिलं, त्यांच्यापासून तीन बोटांवर असलेल्या पेन्सिलीच्या रेघेकडे पाहिलं.

"ड्वेन, तू लाकडात नव्हतेस बसवले?"

त्याने दांडा सोडला.

"आणि आपल्या घरचा? त्याच्याखाली नातवंडं लोळतात!"

"तो... उद्या बघतो."

"तुझा उद्या बघ," आर्डिस म्हणाली. "माझ्याबद्दल आत्ता बोल."

"चुकलं माझं," तो पुटपुटला.

"बेव्हला ऐकू नाही आलं."

लायलची थोरली बहीण बेव्ह. कानात यंत्र असतं, आणि तिला सगळं ऐकू आलं होतं, मी तिचा चेहरा पाहिला. पण तिने कानामागे हात धरला.

अशा वेळी मध्ये पडून विषय बदलायचा, हे मी आयुष्यभर केलं आहे. त्या दिवशी मी रिमोट उचलला आणि सामन्याचा आवाज बंद केला.

ड्वेनला पूर्ण वाक्यात बोलावं लागलं. "टीव्ही माझ्या स्क्रूंमुळे पडला. आर्डिसने काही केलं नव्हतं."

"ऐकलं," बेव्ह म्हणाली.

आर्डिसने मोठा चमचा घेतला आणि सगळ्यांना वाढायला सुरुवात केली. ड्वेनला सर्वांत शेवटी, भांड्याच्या तळाचं करपलेलं.