उस्तादांच्या मांडीवरचे पाय

हवालदार रशीद बागवान यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, खराडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. श्रद्धांजलीला आलेले पाहुणे म्हणाले, "खरा मर्द. डोळ्यांत कधी पाणी नाही. नाहीतर आजची पोरं." टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी फौजेत त्यांच्या हाताखाली चौदा महिने होतो.

बर्फातली पोस्ट. आम्ही नऊ जण, हवालदार बागवान सेक्शन कमांडर; आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. रोज १६०० वाजता फूट इन्स्पेक्शन, हिमदंशाने कुणाचा पाय बधिर झालाय का ते पाहायला. नुसती नजर टाकली तरी चालतं. उस्ताद जेरीकॅनवर बसून प्रत्येकाचा पाय मांडीवर घ्यायचे, एकेक बोट दाबून विचारायचे, कळतंय का? त्यांच्या वडिलांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा. आंबा दाबून पाहावा तसं हलकं दाबायचे.

मी एकदा म्हणालो, "उस्ताद, रिटायर झालात की पार्लर काढा."

"काढतो. तुला मात्र दारातून परत पाठवणार. वास येतो."

एका संध्याकाळी मला डाव्या पायाची दोन बोटं कळेनात. सकाळी पेट्रोलिंग होतं. नाव कापलं गेलं असतं, पोरांनी 'नाजूक' म्हणून चिडवलं असतं. मी म्हणालो, कळतंय.

०९२० ला उतारावर कोसळलो. उस्तादांनी माझा बूट काढला, स्वतःचा कोट उघडला, जर्सी वर केली आणि माझं पाऊल उघड्या पोटावर दाबून धरलं. मग रेडिओ.

"कॅज्युअल्टी एक. चालू शकत नाही. ओव्हर."

"स्ट्रेचर पार्टी दोन तासांत. ओव्हर."

वारा थांबत नव्हता. उस्तादांनी विचारलं, "काल का नाही बोललास?"

"लाज वाटली."

ते रडले. सगळ्यांसमोर, तोंड न फिरवता. "पाय माझ्याकडे द्यायची लाज वाटली तुला?"

पार्टी आली. स्ट्रेचरची पुढची बाजू उस्तादांनी पोस्टपर्यंत सोडली नाही. पोहोचल्यावर त्यांना धाप लागली. त्यांनी ती लपवली नाही. लगेच सांगितलं, ऑक्सिजन लावून घेतला. एवढ्या उंचीवर अतिश्रमाने होतं तसं छातीत पाणी भरत होतं. हेलिकॉप्टर उडू शकलं नाही. १७४० ला उस्ताद गेले.

माझी दोन बोटं गेली. खोटं मी बोललो, ते माझंच. पण तसं बोलायला शिकवलं हॉलमध्ये पडल्या तसल्याच टाळ्यांनी.

तेव्हा टाळ्या पुरेत. आज तुमच्या घरात नवरा, बाप, भाऊ, जो कुणी 'मला काही झालं नाही' म्हणेल, त्याच्यासमोर खाली बसा आणि त्याचा पाय मांडीवर घ्या.