सुकन्याचा डावा तळवा

पार्वतम्माचं लग्न तीनदा ठरत आलं आणि तीनदा मोडलं. पोरीत खोट नव्हती. "पोरगी पसंत हाय, पण ती धाकटी बहीण कोण सांभाळणार?" एवढंच पाहुणे विचारायचे आणि ती "मीच" म्हणायची. तिसऱ्या खेपेला तर तिने पाहुण्यांनी विचारायची वाटही बघितली नाही. चहाचे कप ठेवता ठेवताच सांगून मोकळी झाली.

भूकंपात किल्लारीकडचं त्यांचं दगडामातीचं घर बसलं आणि आई-बाप त्यातच राहिले. उरली तीन भावंडं. विशीतली पार्वतम्मा, मधली सुकन्या आणि शेंडेफळ मल्लिनाथ. सुकन्या अंगाने वाढत होती, पण बुद्धी चार-पाच वर्षांच्या लेकरापाशी थांबलेली. दोघांना घेऊन पार्वतम्माने लातूर गाठलं आणि खानावळ काढली. पुढे लातुरात डॉक्टर पिकायला लागले. गावोगावची पोरं क्लाससाठी येऊन पडली, खानावळीला बरकत आली आणि त्या बरकतीवर मल्लिनाथने घरावर दोन मजले चढवून वसतिगृह केलं. पाटीवर नाव त्याचं. पार्वतम्माला त्याचंही कौतुकच होतं, भोळी बाई.

त्याच सुमारास नांदेडची अफसाना घरी यायला लागली. सुकन्यासारख्या माणसांच्या घरच्यांना नेमका कसला आधार लागतो, याचा ती अभ्यास करत होती. प्रश्न विचारून पसार होणाऱ्यातली ती नव्हती. तिच्या सांगण्यावरून सुकन्याला ताटं मांडायचं काम मिळालं. प्रत्येक ताटापाशी थांबून ती "जेव हं" म्हणायची. तिचा हट्ट एकच. आंघोळ झाली की कपाळाला भस्म लावायचं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर ठेवून पूजा करायची आणि मगच घास घ्यायचा. लिंगायताचं इष्टलिंग मेल्यावरही सुटत नाही, त्याच्यासोबत मातीत जातं, असं आईने शिकवलं होतं. बाकीचं सगळं ती विसरली, हे नाही विसरली.

एकदा अफसानाने विचारलं, "अक्का, तुमच्या मागं हिला कोण?"

 या एका प्रश्नाने पार्वतम्माची निम्मी झोप आधीच खाल्ली होती. मल्लिनाथ दारातच उभा होता. त्याने आपल्या गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

"मी हाय की, अक्का. लिंगाची आण."

माणूस खोटं बोलेल, पण लिंग हातात धरून कोण बोलेल? पार्वतम्माच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणूनच "सांभाळणारं माणूस थकलं की दोघांचेही हाल होतात, तुम्ही जरा विसावा घ्या," असं अफसाना म्हणाली, तेव्हा ती कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला गेली. सुकन्याला सोडून, जन्मात पहिल्यांदा.

परत आली तर सुकन्याच्या खोलीत दोन लोखंडी पलंग आणि पुस्तकांचे ढीग. देवळीत सुकन्याचं इष्टलिंग, दोऱ्यासकट.

"सुकी कुठं हाय?"

"नांदेडला एका संस्थेत ठेवलंय. चांगली सोय हाय," मल्लिनाथ वर न बघता म्हणाला. "पोरांचे आई-बाप बोलायलेत, अक्का. असली बाई घरात असल्यावर अभ्यास कसा व्हायचा?"

"आन् हे?"

"तिथं गळ्यात दोरा चालत न्हाई."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं.  पार्वतम्माला ते तिन्ही पाहुणे आठवले. ते बिचारे तोंडावर नाही म्हणून गेले होते. फसवलं ते हो म्हणणाऱ्याने, आणि त्याला तिने स्वतःच्या हाताने भरवून वाढवलं होतं. तिने देवळीतलं लिंग पदरात बांधलं आणि नांदेडची गाडी धरली.

संस्थेतली बाई म्हणाली, "आल्यापासून चहापाण्यावर हाय. घास घेत न्हाई. हात तेवढा पुढं करून बसते."

सुकन्या ओसरीवर बसली होती. कपाळ मोकळं, डावा तळवा मांडीवर उघडा.

"अक्का, मल्लूनं नेलं. धुऊन आणतो म्हणला."

तक्रार नव्हती. ती वाट बघत होती. पार्वतम्माने लिंग तिच्या तळव्यावर ठेवलं आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

लातूरला पोचल्यावर सुकन्या आधी धावली ती मल्लिनाथकडेच. तळवा त्याच्यापुढे धरून म्हणाली, "मल्लू, मिळालं हं. लई चांगलं धुतलास."

मल्लिनाथ जिना चढून वर निघून गेला.  पार्वतम्माने भांडी गोळा केली, पलीकडच्या गल्लीत खोली घेतली आणि खानावळ तिकडे हलवली.

अफसाना तिथे आली. चाचरत तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"कुणी न्हाई," पार्वतम्मा म्हणाली. आत सुकन्या ताटं मांडत होती. "हिच्या आधी मला मरता यायचं न्हाई, ताई. एवढंच लिहा."