बायबलबाई आणि प्रार्थनाघराचे कवेलू

बायबलबाई कुणाला एकट्यानं काम करू द्यायची नाही. एखादा बाक भिंतीशी सरकवायला मी हात घातला की ती कुठूनशी यायची आणि त्याच बाकावर बसायची. "दुसऱ्याले बलाव, मंग उचल." दुसरा आणायचा कुठून? सगळे मोहफूल वेचायला रानात गेलेले. मग मी उभा, बाक जागच्या जागी आणि त्यावर बाई. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कुरखेड्याकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. पाळक नागभीडहून कधीमधी यायचे. एरवीचे रविवार ही बाई सांभाळायची, म्हणून तिचं हे नाव. नवरा प्रचारक होता. तो गेल्यावर ती प्रार्थनाघरामागच्या खोलीत राहिली आणि वचन सांगायचं त्याचं कामही तिनंच उचलून घेतलं. त्या कामात मात्र तिला दुसरा कुणी लागला नाही, हे मी तिला एकदा ऐकवलं होतं. "डोळ्यानं हाताले म्हटलं, तुयी गरज नाई, त चालन का?" बायबलातल्या पौलाचं हे सांगणं ती विहिरीवर, चुलीशी, कुठंही काढायची. मी नुकताच बारावी झालेला, तोंडाळ. म्हणायचो, "बाई, तीन तिगाडा काम बिगाडा." ती म्हणायची, "मंग चवथा बलाव."

तिला सलायचे ते दोन भाऊ, दानियलभाऊ आणि याकोबभाऊ. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका मोहाच्या झाडावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. उपासनेला एक पहिल्या बाकावर बसायचा, दुसरा दाराशी, आणि दाराशी बसलेला आशीर्वादाआधीच चपला घालायचा. मरायच्या आधी त्या दोघांना एका कामाला लागलेलं बघायचं, एवढीच बाईची इच्छा होती. पण त्या इच्छेपायी सगळी मंडळी वेठीला धरलेली.

वानरं वर्षभर छपरावर उड्या मारून कौलं, आमच्याकडचे कवेलू, फोडायची, त्यामुळे दर उन्हाळ्यात ते उतरवून नव्यानं फेरावे लागत. एकानं वर बसून रचायचं, दुसऱ्यानं शिडीवरून हाती द्यायचं. एका वर्षी आम्ही अर्धं छप्पर उतरवलं आणि बाईनं काम थांबवलं. "आता दानियल वर बसन, याकोब देईन." दोघंही येईनात. मी म्हणालो, दोन मजूर लावतो, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

"मजूर काऊन? भाऊ मेले का?"

आम्ही वाट बघत राहिलो आणि अवकाळी पाऊस येऊन गेला. ढोलक भिजली, गीतांची पुस्तकं फुगली. बाई उघड्या छपराखाली ओलीचिंब बसलेली. मी ओरडलोच, "बाई, त्या दोघायचं पटत नाई! सोडा ना आता!"

"छप्पर उघडून त्या लुळ्या माणसाले येशूपुढं उतरवलं ना चौघायनं? त्या चौघायचं आपसात पटत होतं, असं कुठी लिवलं हाये? खाट उचलली, तेवढं लिवलं हाये."

शेवटी मी आणि बाबांनी छप्पर झाकलं. बाई आठवडाभर आमच्याशी बोलली नाही. याला काय म्हणावं!

त्याच श्रावणात ती तापानं पडली. नाल्याला पूर, गाडी पलीकडेच थांबलेली. बाज उचलायला मी आणि बाबा होतो. ऐकून दानियलभाऊ आला, मागोमाग याकोबभाऊ. दोघांनी पुढची बाजू धरली आणि एकमेकांकडे न बघता पाण्यात उतरले. मध्यावर बाज कलली. बाई तापातही ओरडली, "पाय जुळवा रे, मी पडीन ना!"

दानियलभाऊ पुढं बघतच म्हणाला, "याकोब, डावा टाक."

कित्येक वर्षांतला तो पहिला शब्द. बाईचे डोळे मिटलेले होते. तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. गडचिरोलीच्या दवाखान्यातच ती वारली.

वाटलं, आता तरी. कसलं काय! माती दिली आणि पुढच्या रविवारी एक पहिल्या बाकावर, एक दाराशी. पालथ्या घड्यावर पाणी. आम्हां सगळ्यांचीच मला चीड आली, आणि बाईचीही, की कुणासाठी एवढा जीव टाकला हिनं?

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटाच छपरावर चढलो. वरखाली करून दुपारपर्यंत एक कोपरा जेमतेम झाला. दानियलभाऊ समोरच्या आपल्या अंगणात बांबू चिरत बघत होता, याकोबभाऊ स्वतःच्या घराच्या दारातून. मजूर सांगून मोकळं होणं सोपं होतं. तोंडातून मात्र भलतंच निघालं. "दोघंही आल्याबिगर मी खाली उतरत नाई!"

बऱ्याच वेळानं दानियलभाऊनं कोयता ठेवला, येऊन शिडी धरली. याकोबभाऊ दारातच. मी तापलेल्या कवेलूंवर बसून राहिलो. बाई जिवंत असतानाही तिचा इतका राग मला कधी आला नव्हता.