चाळणीवर अडकलेली खडी

खाणीवरचे लोक म्हणत, खडीआत्या दगडांशी बोलते. ती म्हणे, "जन्मभर नवऱ्याशी बोलले, दगडांचं काय अवघड?"

नवरा गेल्यावर खाण तिनंच चालवली. थोरला मुलगा क्रशरवर, निम्मी वस्ती घमेल्यावर. पण अलीकडे गिऱ्हाईक आटलं होतं आणि सगळ्यांचे डोळे नव्या रेल्वेकडे लागले होते.

रेल्वेला पैसा परदेशी बँकेचा. म्हणून रूळ त्यांचे, इंजिनं त्यांची, इंजिनिअरही त्यांचेच. रुळाखालची खडी तेवढी इथली, तीही तपासणीत उतरली तर. नाही उतरली तर दगडसुद्धा बोटीनं येणार. त्या बोटींचा ठेका इथल्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याकडे, त्यामुळे तपासणीला पुढारी न बोलावता हजर.

बँकेच्या परदेशी साहेबानं समोरच्या ढिगातली खडी एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांत ओतली आणि हलवली. सगळी खडी एकाच चाळणीवर अडकून बसली. त्यानं नकारार्थी मान हलवली, दुभाषी मुलीला काहीतरी सांगितलं. ही दुभाषी आत्याचीच भाची, भावाची मुलगी.

"आत्या, लहानमोठी मिसळलेली हवी गं. एकाच मापाची खडी एकमेकींत रुतत नाही. गाडीखाली सरकते."

"मला शिकवतेस? जुन्या लाइनीला खडी कुणी घातली?"

"मग हे काय?"

आत्यानं ढिगाकडे पाहिलं. काल बायकांनी बसून तो ढीग एका मापाचा निवडला होता, सुपात धान्य निवडावं तसा. मोठं माणूस येतंय, त्याच्यापुढे टवका उडालेला कप कोण ठेवतं? निवडायला तिनंच बसवलं होतं.

"नापास लिहा आणि मोकळे व्हा," पुढारी म्हणाला. "ऊन चढतंय."

"बोटीत जाऊन बसा की, गार वारा लागेल," मागून मुकादम पुटपुटला.

आत्या भाचीला म्हणाली, "सांग त्याला. आम्ही हातानं निवडलीय."

भाची जवळ सरकली. "नमुन्याला हात लावला म्हटलं की खाणीचं नावच कापतात, आत्या. गप्प राहा. पुढच्या वर्षी पुन्हा नमुना देता येईल."

"पुढच्या वर्षी रूळ पडलेले असतील, तेव्हा काय वरून उधळायची खडी? सांग म्हणते ना!"

भाचीनं सांगितलं.

साहेबानं चष्मा काढला, पुढाऱ्याकडे पाहिलं आणि क्रशरकडे बोट केलं. थोरल्यानं पट्टा सुरू केला. साहेबानं स्वतः पट्ट्याखाली टोपलं धरलं, दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. पुन्हा चाळण्या हलल्या. या खेपेला खडी खाली उतरत गेली, प्रत्येक चाळणीवर थोडी थोडी राहिली. बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

साहेब बराच वेळ बोलला. भाची वळली तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"खडी पास आहे. पण नमुना निवडलेला होता, तो दोष राहिलाच. तू आपणहून सांगितलंस म्हणून नाव कापत नाहीत. अर्धी खडी इथली घेतील, अर्धी बोटीनं."

"चला, सगळ्यांचंच भलं झालं," म्हणत पुढारी गाडीत बसला.

अर्ध्या खडीला खाणीतली सगळी माणसं लागत नाहीत. हे मुकादमाला न सांगता कळलं, तरी तो आत्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्यामागे हळूहळू सगळेच आले.

"मग घरी कुणी बसायचं, आत्या?"

आत्यानं क्रशरकडे पाहिलं. थोरला अजून पट्ट्यावरची धूळ झाडत होता.

"तो बसेल," ती म्हणाली. "यादी तिथून सुरू कर."