दोराचं दुसरं टोक

"तुमच्या वस्तीतली चार पोरं बोलव की गं. गोठ्यातली मेलेली जनावरं वढायची हायती."

शाळेच्या वऱ्हांड्यात, सगळ्यांसमोर वरच्या आळीतले आण्णा हे बोलले. माझ्या एका हातात तापाच्या गोळ्या होत्या, दुसऱ्या हातात वही. आण्णांच्या आवाजात राग नव्हता. गुर्मी नव्हती. रडून रडून डोळे सुजले होते त्यांचे. मायेनंच बोलले. म्हणून जास्त लागलं. शिवी दिली असती तर उलटून बोलता तरी आलं असतं.

मी आशा कार्यकर्ती. सीना नदीच्या काठचं आमचं गाव. बाळंतिणी, लसीकरण, तापाच्या गोळ्या, सगळं माझ्याकडं. गाव मला ताई म्हणतं. पण वरच्या आळीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या गोळी घेताना अजून तळहात खाली धरतात, मी वरून टाकायची. हाताला हात लागू द्यायचा नाही. मी टाकते. इतक्या वर्षांत त्याची सवय झाली होती मला. सवय झाली होती, हेच आता आठवलं की अंगावर काटा येतो.

आमची बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पलीकडं. पाणी चढलं की पहिलं आमच्याकडं.

त्या वेळी तीन दिवस पाऊस हटला नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी तलाठीभाऊंचा फोन आला. "ताई, नदी वाढतीय. लोकास्नी माळावरच्या शाळेत हलवा."

मी घरोघर पळत सुटले. गरोदर बायका आधी, हे मला शिकवलेलं. आण्णांच्या सुनेचे दिवस भरत आलेले. तिचा हात धरला, चिखलातनं चालवत आणली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवली. ट्रॅक्टर आण्णांचाच. गावात ट्रॅक्टर बरेच, पण त्या वेळी चालू आणि मोकळा तेवढा एकच होता.

घरी माझे वडील होते. आबा. पाय सुजलेले, दोन पावलं चालता येत नव्हतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "दुसरी खेप वस्तीकडं आण. आबा हायत, आणखी तीन म्हातारी माणसं हायती."

तो म्हणाला, "आणतो की ताई."

दुसरी खेप माझ्या डोळ्यांसमोरून गेली. ट्रॉलीत गव्हाची पोती, टीव्ही, कपाट. मी ट्रॅक्टरला आडवी गेले. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "आण्णा म्हनले आदी एवढं टाक. मग येतो."

मग ओढ्यावरून पाणी गेलं. ट्रॅक्टर येऊ शकला नाही.

माझ्या दिरानं आणि वस्तीतल्या पोरांनी आबांना बाजेवर घातलं. बाज खांद्यावर, पाणी छातीला. ओढा उतरायची सोय नव्हती, लांबून वळसा घालून आले. पोचेपर्यंत अंधार पडायला आला होता. आबा नखशिखांत भिजलेले. ओठ काळेनिळे. मी त्यांना चौथीच्या वर्गात कोपऱ्यात झोपवलं, माझं कोरडं लुगडं गुंडाळलं. त्यांना खोकला लागला तो थांबेनाच. रस्ता बंद. दवाखान्यात न्यायचं कसं?

आणि आण्णांचा गोठा. सगळे घाईत निघाले. गाईंची दावी सोडायची राहिली. जनावरं बांधल्या जागी बुडाली.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. काळ्या रानात गुडघाभर गाळ. वास सुटला. आणि आण्णा ते वाक्य बोलले.

मी वऱ्हांड्यात सगळ्यांकडं बघितलं. कुणालाच नवल वाटलं नव्हतं. ग्रामसेवक मोबाईलमध्ये बघत होते. आण्णांची सून माझ्याकडं बघत होती. तिनं नजर वळवली, पदर सारखा केला.

भिंतीपलीकडं आबा पडून होते. त्यांचा खोकला थांबला होता. ते ऐकत होते.

माझ्या आज्यानं मेलेलं जनावर ओढायचं सोडलं तेव्हा आबा लहान होते. गावानं दळण बंद केलं, विहिरीकडची वाट बंद केली, रानात कामाला बोलवणं बंद केलं. घरात हुलगे उकडून खायचे. आबा हे आम्हाला कितीदा सांगायचे. मी ऐकायचे आणि मला वाटायचं, ते सगळं आज्याबरोबर संपलं. मी शिकले. सरकारी कामाची वही माझ्या हातात. आता कोण बोलणार?

बोललं. इतक्या सहज बोललं.

मी म्हटलं, "आण्णा, जनावरं तुमची. गोठा तुमचा. आमच्या पोरांनी का वढायची?"

"अगं, कुनीतरी वढलंच पायजे की. तूच सांगतीस न्हवं, रोगराई पसरती म्हनून."

"मग गावानं वढूया. घरटी एक मानूस. दोराचं एक टोक मी धरते. दुसरं तुमी धरा."

 आण्णा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी भलत्याच भाषेत काही सांगितलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "मानुसकी हाय का न्हाय?"

दुसरं कुणीतरी, "आता हिला गाव चालवायचं हाय."

  मी जागची हलले नाही.

दुपारी दीर आला. भला माणूस. म्हणाला, "वैनी, आण्णांचं लई नुकसान झालंय. आमी जातो. त्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "मानुसकी म्हनून जायचं तर जा. मी बी येते. पन आदी एवढं इचार कर. आख्ख्या शाळेत एवढी तरणी पोरं बसल्याती. तुलाच का बोलावलं?"

तो भिंतीला टेकून बसला.  गेला नाही.

जेसीबी गाळात येईना. वास वाढला. लोक घरी परतू लागले तसं मी घरोघर जाऊन पाण्यात टाकायचं औषध देत होते, लेकरांना ओआरएस पाजत होते. दोन घरांनी दार लावून घेतलं. मी औषध उंबऱ्यावर ठेवलं आणि पुढं गेले. माझं काम मी सोडलं नाही.

वऱ्हांड्यातल्या त्या बोलण्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णा आणि त्यांची दोन्ही पोरं तोंडाला टॉवेल बांधून गोठ्याकडं निघाली. मला कळलं. मी गेले. एकटीच. बोलले होते म्हणून गेले.

आण्णांनी मला बघितलं.  मी दोराचं टोक हातात घेतलं. पहिली गाय ओढताना आण्णा "राणी, राणी" म्हणून ओक्साबोक्शी रडले. मीही रडले. तिच्या गळ्यात दावं तसंच होतं. कातडीत रुतलेलं.

सगळी जनावरं निघेपर्यंत आम्ही चौघंच होतो. गावातून पाचवं माणूस आलं नाही. आण्णांच्या पोरांनी पुरायला खणलेल्या खड्ड्यात मीठ मी टाकलं, चुना मी टाकला.

त्याच दुपारी रस्ता मोकळा झाला. जीपमधून आबांना सोलापूरला सिव्हिलला नेलं. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया, उशीर झालाय. वाटेत आबा एकदाच बोलले होते. "न्हाय म्हनलीस त्ये ऐकलं म्या." एवढंच. दुसऱ्या दिवशी गेले.

आण्णा भेटायला आले. दारात उभे राहिले. घरात अजून गाळाचा थर होता, बसायला जागा नव्हती. म्हणाले, "लई चांगला मानूस व्हता."

मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. "दुसऱ्या खेपंला गव्हाची पोती आली, आण्णा."

 ते तसेच निघून गेले. त्यांच्या सुनेला मुलगी झाली. मला बोलावलं नाही. तरी मी गेले, बाळाचं वजन केलं, वहीत लिहिलं.

महिन्यानं ग्रामसभा भरली. विषय होता, पूर आला तर काय करायचं. मी आजवर ग्रामसभेत कोपऱ्यात बसून सही करून यायचे. त्या दिवशी उभी राहिले.

म्हटलं, "पहिली खेप खालच्या वस्तीची. चालता न येणारी मानसं आदी. सामान शेवटी. जनावरांची दावी आदी सोडायची. आन मेलेलं जनावर ज्याचं त्यानं काढायचं, न्हायतर सगळ्या गावानं. एका वस्तीनं न्हाय."

सरपंच म्हणाले, "बघू, ताई."

"बघू न्हाय. ठरावात लिवा. मी हितंच उबी हाय."

कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. मी उभीच. माझ्या शेजारी माझा दीर येऊन उभा राहिला. मग वस्तीतल्या बायका. सरपंचांनी ग्रामसेवकांकडं बघितलं. ग्रामसेवकांनी पेन उघडलं.

लिहिलं ते मी वाचून घेतलं. शब्द न् शब्द.

कागदानं माणसं बदलत नाहीत, हे मला कळतं. वर पाऊस झाला की सीना परत फुगेल. मी परत घरोघर जाईन. म्हाताऱ्यांना उठवीन, बाळंतिणींना हात देईन, कुणाचंही दार टाळणार नाही. पण ट्रॅक्टर वस्तीकडं वळल्याशिवाय माळाकडं जाणार नाही. चाकापुढं मी आडवी पडेन. आणि त्या वेळी मला कुणी मायेनं ताई म्हटलं, तरी उठणार नाही.